फाट्यावरचं गाव

फ्रँकफर्टहून म्युनिकला जाणारी वेगवान गाडी साधारण साडेतीन तासांत पोचवते. वाटेत व्युर्त्सबुर्ग आणि न्यूरेंबर्ग ही दोन मोठी स्थानकं लागतात. त्या दोघांच्या मध्ये, दक्षिणेला थोडं सरकलं की टाउबर नदीच्या वर एका टेकडीच्या काठावर रोथेनबुर्ग आहे. सलग तटबंदी, वेशी, बुरूज आणि उतरत्या लाल छपरांची घरं असलेलं हे गाव मध्ययुगीन जर्मनीची ओळख म्हणून जगभर छापलं गेलं आहे. तिथे वेगवान गाडी जात नाही. जायचं तर व्युर्त्सबुर्गला उतरायचं, साधी गाडी पकडायची, श्टाइनाख नावाच्या छोट्या जंक्शनवर पुन्हा उतरायचं आणि शेवटचे अकरा किलोमीटर फाट्याच्या गाडीनं काटायचे. दौंडहून बारामतीला फाटा जातो, तसाच हा प्रकार.

युरोपचा प्रवास आखताना असलं गाव बहुतेक वेळा शेवटी आठवतं. आधी मोठी शहरं ठरतात, त्यांच्यातल्या गाड्या ठरतात, आणि मग उरलेल्या दिवसात एखादं जुनं गाव कोंबता येतं का ते पाहिलं जातं. मला हा क्रम उलटा असावा असं वाटतं. राजधान्यांमधल्या गाड्या दिवसभर सुटत असतात, त्यांची चिंता नाही. फाट्याची गाडी मात्र तासाला एक असते, रात्री लवकर बंद होते आणि तिच्यासाठी कुणी थांबत नाही. म्हणून आखणी तिच्यापासून सुरू करावी.

हे गाव फाट्यावर का पडलं, हे कळलं की तिथे काय पाहायचं तेही कळतं. रोथेनबुर्गला 1274 मध्ये हाब्सबुर्ग घराण्याच्या राजा रुडॉल्फनं मुक्त शाही नगराचा दर्जा दिला. म्हणजे मध्ये कोणी सरदार किंवा बिशप नाही, थेट सम्राटाशी संबंध. पुढची दीडएकशे वर्षं भरभराटीची गेली. आज दिसणारा तट, सेंट याकोब चर्च, नगरसभागृहाचा जुना भाग ही सगळी त्या काळातल्या श्रीमंतीची कमाई. मग तीस वर्षांचं युद्ध आलं. 1631 मध्ये कॅथलिक सेनापती टिली यानं गाव जिंकलं, सैन्यानं हिवाळ्यात ते ओरबाडून खाल्लं, आणि 1634 मध्ये प्लेग आला. त्यानंतर रोथेनबुर्ग पुन्हा उभं राहिलंच नाही. व्यापार दुसरीकडे गेला. घरं पाडून नवी बांधायला पैसा लागतो, तो कुणाकडे नव्हता. बाकीची शहरं आपले तट पाडून रुंद रस्ते करत होती, तेव्हा इथे तट होता तसा राहिला. 1802 मध्ये गाव बव्हेरियात गेलं आणि उरलंसुरलं राजकीय महत्त्वही संपलं.

रेल्वे आली तेव्हा हीच कथा पुढे चालू राहिली. आन्सबाख ते व्युर्त्सबुर्ग हा मुख्य मार्ग 1864 मध्ये सुरू झाला. तो टाउबरच्या खोल दरीत न उतरता पूर्वेच्या पठारावरून गेला. रोथेनबुर्गला फाटा मिळाला तो 1873 मध्ये. मुख्य मार्गावरच्या गावांना मालधक्के, कारखाने, कामगारवस्त्या मिळाल्या. रोथेनबुर्गला मिळाले चित्रकार, आणि त्यांच्या मागोमाग प्रवासी.

युरोपात इतरत्रही थोड्याफार फरकानं हेच घडलं आहे. बेल्जियममधलं ब्रुज हे एके काळी उत्तर युरोपातलं मोठं बंदर होतं. समुद्राकडे जाणारी झ्विनची खाडी गाळानं भरली, व्यापार अँटवर्पला गेला आणि ब्रुज जिथल्या तिथे थांबलं. इटलीत सिएनाला 1348 च्या प्लेगनं असं मोडलं की तिथलं वाढवायला घेतलेलं कॅथीड्रल आजही अर्धवट आहे. फ्लॉरेन्स-रोम वेगवान मार्ग सिएनाला स्पर्श करत नाही. चेक प्रजासत्ताकातलं चेस्की क्रुमलोव्हही असंच शाखामार्गावर, आणि तिथलं स्थानक गावापासून चांगलं लांब. अशा गावांकडे जाताना गाडी बदलावी लागते ती याच इतिहासामुळे, म्हणून त्या बदलण्याची कटकट वाटून घेऊ नये.

मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे आणि फ्रँकफर्टच्या विमानतळाला लागूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्थानक आहे. म्हणजे शहरात न शिरता विमानातून गाडीत बसता येतं. तिथून व्युर्त्सबुर्ग साधारण दीड तास, व्युर्त्सबुर्गहून श्टाइनाख पाऊणएक तास, आणि श्टाइनाखहून रोथेनबुर्ग पंधरा मिनिटं. कागदावर हे तीन तासांत बसतं. प्रत्यक्षात अर्धा दिवस धरावा. 2024 मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर धावल्या, आणि तिथे सहा मिनिटांच्या आतला उशीर ‘वेळेवर’ यातच मोजतात. जर्मन गाड्या घड्याळाच्या ठोक्यावर धावतात ही आपल्याकडची जुनी समजूत आता सोडून द्यायला हवी. ॲपवर गाडी बदलायला सात मिनिटं दाखवत असेल, तर ती जोडणी घेऊ नये. अर्ध्या तासाची घ्यावी. एवढ्यात सामान घेऊन जिने चढउतार होतो आणि फलाट शेवटच्या क्षणी बदलला तरी धांदल उडत नाही.

तिकीट काढताना नावं नीट वाचायची. जर्मनीत रोटेनबुर्ग आणि रॉटेनबुर्ग अशा उच्चारांची आणखी गावं आहेत. एक फुल्डा नदीवर, एक व्युमे नदीवर, एक नेकार नदीवर, आणि सगळीकडे स्थानक आहे. आपल्याला हवं ते ‘ओब डेअर टाउबर’. श्टाइनाखचंही तसंच, त्या नावाची स्थानकं अनेक आहेत आणि आपल्या स्थानकाच्या नावापुढे कंसात रोथेनबुर्गचा उल्लेख असतो. फ्रँकफर्टसुद्धा दोन आहेत, एक माइन नदीवर आणि दुसरं थेट पोलंडच्या सीमेवर ओडर नदीवर.

आता तिकिटांचं गणित. यात समजून घेण्यासारखं बरंच आहे, आणि पैसे वाचतात किंवा जातात ते इथेच. भारतात राहणाऱ्यांसाठी युरेल पास असतो. इंटररेल हा युरोपात राहणाऱ्यांसाठी. तुमचा भाचा म्युनिकला नोकरीला असेल तर त्याला इंटररेल मिळेल, तुम्हाला युरेल. पास 33 देशांत चालतो आणि त्याचा लवचिक प्रकार ठरावीक ‘प्रवासाचे दिवस’ देतो, म्हणजे एक किंवा दोन महिन्यांत अमुक दिवस वाट्टेल तेवढ्या गाड्या. प्रवासाचा दिवस मध्यरात्री सुरू होतो आणि पुढच्या मध्यरात्री संपतो. आडवळणाच्या गावाचा प्रश्न इथे येतो. फ्रँकफर्टहून निघून रोथेनबुर्ग दिवसा पाहून त्याच रात्री म्युनिक गाठलं, तर पासचा एकच दिवस खर्च होतो. तिथे मुक्काम केला, तर दोन. चार-पाच देश आणि डझनभर गाड्या असतील, तर पास परवडतो. फक्त जर्मनीतले तीन-चार टप्पे असतील, तर सुटी तिकिटं बहुधा स्वस्त पडतात. पास घेतला तरी फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या फ्रेच्चारोसा आणि स्पेनच्या वेगवान गाड्यांत जागेचं आरक्षण वेगळे पैसे देऊन सक्तीनं करावं लागतं. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधल्या देशांतर्गत गाड्यांत सहसा तशी सक्ती नसते. म्हणूनच पासवर आडवाटा धुंडाळायच्या तर हे तीन देश सगळ्यात सोयीचे.

सुट्या तिकिटांत दोन जाती. एक ‘फ्लेक्सप्राइस’, महाग पण त्या दिवशी कोणतीही गाडी पकडायला मोकळं. दुसरी ‘श्पारप्राइस’, लवकर काढली तर पुष्कळ स्वस्त, पण त्या तिकिटावर छापलेल्या वेगवान गाडीलाच बांधलेली. ती गाडी आपल्यामुळे चुकली, तर तिकीट वाया. पण रेल्वेच्या उशिरामुळे मुक्कामी पोचायला वीस मिनिटं किंवा अधिक वेळ होणार असेल, तर हे बंधन सुटतं आणि पुढच्या गाडीनं जाता येतं. यातून निघणारा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. परतीचा प्रवास, म्हणजे रोथेनबुर्गहून निघून पुढे वेगवान गाडी पकडायची असेल तो, पहिल्या फलाटापासून शेवटच्या स्थानकापर्यंत एकाच तिकिटावर काढावा. फाट्याची गाडी उशिरा आली आणि न्यूरेंबर्गची वेगवान गाडी हुकली, तर एकत्र तिकिटात ती रेल्वेची जबाबदारी होते. दोन वेगळी तिकिटं असतील, तर दुसरं बुडतं आणि दाद मागायला जागा राहत नाही. येताना ही भीती नाही, कारण आधी वेगवान गाडी आणि मग साध्या गाड्या, आणि साध्या गाडीचं तिकीट एका ठरावीक गाडीला बांधलेलं नसतं. युरोपीय संघाच्या नियमानुसार तासाभराचा उशीर झाला तर तिकिटाच्या 25 टक्के आणि दोन तासांचा झाला तर 50 टक्के रक्कम मागता येते, हेही लक्षात असू द्यावं. 2023 पासून मात्र अतिवृष्टी किंवा वादळासारख्या असाधारण कारणांसाठी ही भरपाई नाकारली जाऊ शकते.

चार-पाच जणांचं कुटुंब असेल, तर ‘बायर्न तिकीट’ हा खजिना आहे. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत माणसं, दिवसभर बव्हेरियातल्या सगळ्या साध्या गाड्या. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊपासून चालतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून, आणि संपतं दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला. वेगवान गाड्यांत ते चालत नाही. फ्रँकफर्ट हे हेसे राज्यात येतं, त्यामुळे तिथूनही चालत नाही. व्युर्त्सबुर्ग बव्हेरियात आहे, म्हणून व्युर्त्सबुर्गपासून पुढचा सगळा प्रवास यात बसतो. तिकिटावर नावं लिहावी लागतात. जर्मन स्थानकांवर फलाटाला फाटक नसतं, कुणी अडवत नाही, तिकीट गाडीत तपासतात, आणि नसलं तर किमान 60 युरो दंड.

शेंगेन व्हिसासाठीही हा मुक्काम आधीच ठरलेला बरा. ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते निदान पंधरा दिवस आधीपर्यंत. आडवाटेच्या गावातली एक-दोन रात्रींची भर कधी कधी फ्रान्स आणि जर्मनी यांच्यातला तोल बदलते आणि अर्ज कुणाकडे करायचा हेच बदलतं.

वाटेत व्युर्त्सबुर्गला दुपारपर्यंत थांबावं, सामान स्थानकावरच्या कुलपाच्या कप्प्यात ठेवावं. तिथे बिशपांचा राजवाडा आहे, त्याच्या जिन्यावर तिएपोलोनं रंगवलेलं अवाढव्य छत आहे. पण रोथेनबुर्गला निघालेल्या माणसानं इथे आणखी एक ओळख करून घ्यावी, ती टिलमन रीमनश्नायडर या शिल्पकाराची. त्याची कार्यशाळा याच शहरात होती, तो इथला नगराध्यक्षही झाला. 1525 च्या शेतकऱ्यांच्या उठावात शहरानं बंडखोरांची बाजू घेतली, उठाव चिरडला गेला आणि बिशपानं रीमनश्नायडरला नदीपलीकडच्या मारिएनबेर्ग किल्ल्यात कैद करून छळलं. आज त्याच किल्ल्यातल्या संग्रहालयात त्याच्या कामाचा मोठा संग्रह आहे.

त्याचं एक श्रेष्ठ काम मात्र रोथेनबुर्गच्या सेंट याकोब चर्चमध्ये आहे. चर्चचा पश्चिमेकडचा भाग रस्त्यावर कमानीसारखा बांधला आहे, खालून वाट जाते आणि वर, जिना चढून गेलं की, पवित्र रक्ताची वेदी. सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला घडवलेली. लिंडनचं लाकूड, रंग नाही, सोनं नाही. मधल्या चौकटीत येशूचं शेवटचं भोजन आहे. नेहमीच्या चित्रांत येशू मध्यभागी असतो. इथे मध्यभागी उभा आहे तो यूदास, हातात पैशाची थैली घेऊन. येशू एका बाजूला आहे आणि घास पुढे करून यूदासकडे पाहतो आहे. योहान येशूच्या कुशीत डोकं टेकून आहे. बाकीच्या शिष्यांच्या कपाळावरच्या शिरा, बोटांची पेरं, दाढीची एकेक बट लाकडात कोरलेली आहे. चौकटीच्या पाठीला छोट्या खिडक्या आहेत, त्यातून मागचा उजेड आत येतो आणि दिवस सरकेल तशा चेहऱ्यांवरच्या सावल्या सरकतात. म्हणून एकदा पाहून निघू नये, अर्धा-पाऊण तास तिथे बसावं. या एका कामासाठी दोन गाड्या बदलून यावं असं मी कुणालाही सांगेन.

गावाच्या जुनेपणाबद्दल मात्र खरं काय ते माहीत असावं. स्थानक गावाच्या पूर्वेला आहे. तिथून दहाएक मिनिटं चालून र्‍योडर वेशीतून आत शिरलं की दिसतात ती घरं मध्ययुगीन नाहीत. 31 मार्च 1945 रोजी अमेरिकी विमानांनी गावाच्या पूर्व भागावर बॉम्ब टाकले. 37 माणसं मेली, तीनशेहून अधिक घरं, नऊ बुरूज आणि तटाचा मोठा भाग नष्ट झाला. व्युर्त्सबुर्ग त्याच्या दोनच आठवडे आधी जवळजवळ पूर्ण बेचिराख झालं होतं. रोथेनबुर्गचं बाकीचं गाव वाचण्यात एका माणसाचा वाटा होता. अमेरिकी युद्धखात्याचे सहसचिव जॉन मॅक्लॉय यांना आईकडून या गावाची ओळख होती. त्यांनी तोफा न डागता शरणागतीची बोलणी करायला सांगितलं, आणि गावातल्या जर्मन मेजरनं शेवटपर्यंत लढण्याचा हुकूम मोडून गाव सोडलं. पुढे गावानं मॅक्लॉय यांचा गौरव केला.

पडलेली घरं नव्यानं बांधताना जुन्या रस्त्यांची वळणं, छपरांचा चढ आणि घरांची उंची तशीच ठेवली. नीट पाहिलं तर फरक कळतो: भिंती सपाट, खिडक्या एकाच मापाच्या, लाकडी चौकटींची आडवी-उभी नक्षी कमी. पूर्व भाग संपेपर्यंत हे चालू राहतं, पुढे जुनं गाव सुरू होतं. तटाच्या डागडुजीसाठी जगभरातून पैसे आले. फांजीवरून चालताना भिंतीत देणगीदारांच्या नावाचे दगड बसवलेले दिसतात, त्यात जपानी नावं भरपूर. फांजीला वर छप्पर आहे, वाट अरुंद आणि जिने उभे आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल त्यांनी तटाऐवजी दरीच्या बाजूची बाग निवडावी. जुना किल्ला तिथेच होता, 1356 च्या भूकंपात तो ढासळला.

याच गावात तेराव्या शतकात रब्बी मेईर बेन बारुख शिकवत होते. सगळ्या मध्य युरोपातून विद्यार्थी त्यांच्याकडे येत. राजा रुडॉल्फनं त्यांना कैद केलं आणि 1293 मध्ये ते कैदेतच वारले. 1520 मध्ये गावातून ज्यूंना हाकललं. नंतर परत आलेल्या छोट्या वस्तीला ऑक्टोबर 1938 मध्ये पुन्हा हाकललं. नाझींना हे गाव आदर्श जर्मन गाव म्हणून फार प्रिय होतं, आणि ते तसं दाखवण्यासाठी इथे कामगारांच्या सहली आणल्या जात. चौकातल्या घड्याळाच्या खिडकीतून नगराध्यक्ष नुश सव्वातीन लिटर दारू एका दमात पिऊन टिलीकडून गाव वाचवतो, ती आख्यायिका पाहायला गर्दी जमते. त्यावरचं नाटक 1881 पासून होतं आहे. रब्बींच्या स्मृतीपाशी तेवढी गर्दी नसते. तिथेही जावं.

मुक्काम करावाच. बसनं येणारे बहुतेक लोक संध्याकाळपर्यंत निघून जातात आणि गाव रिकामं होतं. सामान मात्र हलकं असावं, कारण फरसबंदीवर चाकांची मोठी बॅग ओढवत नाही. रविवारी किराणा दुकानं बंद असतात, शाकाहारी माणसानं शनिवारीच ब्रेड, चीज, फळं घेऊन ठेवावी. पेंटेकॉस्टच्या सुट्टीत ऐतिहासिक उत्सव आणि डिसेंबरात नाताळचा बाजार असतो; तेव्हा खोल्या कित्येक महिने आधी भरतात.

पुढे म्युनिकला जायला दोन रस्ते. घाई असेल तर श्टाइनाख, आन्सबाख, न्यूरेंबर्ग आणि तिथून 2006 मध्ये सुरू झालेल्या वेगवान मार्गानं तासाभरात म्युनिक. घाई नसेल, तर बायर्न तिकिटावर साध्या गाड्यांनी. श्टाइनाखहून ट्रॉइख्टलिंगेन, आणि तिथून आल्टम्युल नदीच्या दरीतून इंगोलश्टाटकडे जाणारी गाडी. या वाटेवर सोल्नहोफेन लागतं. 1861 मध्ये पिसं असलेल्या आर्किओप्टेरिक्सचा सांगाडा ज्या चुनखडीत मिळाला, ती इथली. याच भागातल्या गुळगुळीत दगडावर झेनेफेल्डरनं अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये शिळाछाप शोधून काढला. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याला शिळाप्रेसवर निघालेल्या मराठी पोथ्या त्याच तंत्राच्या. सोल्नहोफेनच्या पुढे आइखष्टेट स्थानकावर आणखी एक छोटी गाडी उभी असते. ती पाच किलोमीटरवरच्या बिशपांच्या जुन्या गावात जाते, आणि बायर्न तिकीट त्या फाट्यावरही चालतं.